तारखेआधी आलेली माणसं

३ तारीख, सोमवार

एकदाचं बिऱ्हाड लागलं. चौदा खोकी, दोन कपाटं, एक झोपाळा आणि एक नवरा, सगळं एकाच टेम्पोत मावलं. नवरा खोक्यांवर बसून आला. उतरल्यावर म्हणाला, संसाराचं वजन आज कळलं. मी म्हटलं, त्यातलं निम्मं तुझ्या हत्यारांचं आहे.

घर तळमजल्याचं. फाटक, तीन पायऱ्या, मग दार. मागची खोली बघताक्षणी ठरवून टाकलं, ही कुत्र्यांची. फरशी खरखरीत आहे, पाय घसरणार नाहीत. खिडकी मागच्या भिंतीकडे उघडते, गज पक्के. दाराला आतूनही कडी, बाहेरूनही. बारा वर्षं शाळेच्या ग्रंथालयात लोकांची पोरं वाचतील म्हणून पुस्तकं सांभाळली, आता लोकांची कुत्री सांभाळायची. नवऱ्याच्या मते फरक एवढाच, की पुस्तकं चावत नव्हती.

पद्धत मात्र ग्रंथालयाचीच. प्रत्येक कुत्र्याचं एक कार्ड. काय खातो, कशाला घाबरतो, कुठे खाजवलेलं आवडतं, आणि मालक कोणत्या तारखेला न्यायला येणार. नवरा उद्या कामावर निघतोय. लिफ्ट बसवायचं काम, बाहेरगावी दोन आठवडे, अठराला परत. म्हटलं, तुझंही कार्ड करून ठेवते. 'कशाला घाबरतो' या रकान्यात त्याने स्वतःच लिहिलं, 'सासूला'.

५ तारीख, बुधवार

पहिलं गिऱ्हाईक! बाजाराच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आहेत. दुकानाच्या वरच एकटे राहतात. लेकीकडे आठ दिवस निघालेत, बारा तारखेला येतील. त्यांचा कुत्रा सोळा वर्षांचा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा. त्याचं खरं नाव कार्डावर आहे, पण मी त्याला आजोबाच म्हणते. चाल तशीच आहे, जेवणाची घाईही तशीच.

काका निघताना तीनदा परत आले. एकदा औषध सांगायला, एकदा औषध सांगितलं का ते विचारायला, आणि एकदा नुसतेच. म्हणाले, "पहिले दोन दिवस मला शोधेल. रागावू नकोस पोरी. त्याला दिसत नाही, पण मला तो शंभर माणसांत हुडकून काढतो."

खरंच शोधत होता. नाक जमिनीला लावून फाटकापर्यंत जायचा, काकांची पावलं जिथे संपली तिथे उभा राहायचा. मग मी त्याला उचलून आणायची. संध्याकाळपर्यंत माझी कंबर धरली, त्याचं मात्र काही नाही.

७ तारीख, शुक्रवार

घर भरलं. एका जोडप्याने लोकर नावाची कुत्री आणून सोडली. पांढरी, केसाळ, स्वभावाने गरीब, महिनाभर राहणार. आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फौजदार आला. वीतभर पाय, हातभर आवाज. बाई परिषदेला गेल्यात, सोळाला, रविवारी येतील.

फौजदाराला सगळ्यांची झडती घ्यायची असते. दूधवाला, पेपरवाला, वाळत घातलेली चादर. बेलवर बोट पडायच्या आधी हा दारात हजर. त्याचं ऐकून लोकर भुंकते आणि कारण न विचारता आजोबाही सूर लावतात. फोनवर नवऱ्याला ऐकवलं तर म्हणाला, माझ्या लिफ्टपेक्षा तुझ्या घराचा अलार्म चांगला चालतो.

१० तारीख, सोमवार

आज एक विचित्र गोष्ट झाली. विचित्र म्हणावी की नाही कोण जाणे.

दुपारी चारला बेल वाजली. दार उघडलं तर घड्याळवाले काका. दोन दिवस आधीच. म्हणाले, लेकीकडे करमेना, लवकर आलो. चेहऱ्यावर छान हसू. मी आत हाक मारली आणि तेव्हा लक्षात आलं, की कोणीच भुंकलं नव्हतं. फौजदार दारापाशीच पसरला होता. डोळे उघडे, कान पडलेले. बेल वाजलीच नाही असा.

आजोबांना मी त्यांच्या पुढ्यात आणून ठेवलं. काकांनी हात पुढे केला. आजोबांचं नाक त्या हाताला लागलं आणि तसंच पुढे गेलं, खुर्चीच्या पायाला लागून पुढे जावं तसं. ते काकांच्या दोन पायांमधून गेले, पायऱ्या उतरले, फाटकापाशी जाऊन उभे राहिले. काकांना शोधत. आणि काका माझ्यासमोर उभे.

काका म्हणाले, म्हातारपण, दुसरं काय. त्यांनी त्याला काखेत घेतलं आणि गेले. आजोबांनी अंगाला हिसका दिला नाही की आवाज केला नाही. फक्त मान वळवून हवेत वास घेत राहिले.

माझं उगाच काहीतरी. वयाने नाक गेलं असेल.

१२ तारीख, बुधवार

हे नीट लिहून ठेवते, म्हणजे मलाच नंतर खरं वाटेल.

दुपारी एकला काकांचा फोन आला. मागे बसस्टँडचा गोंगाट. म्हणाले, उतरलोय, घरी सामान टाकून अर्ध्या तासात येतो, म्हाताऱ्याने त्रास तर दिला नाही ना? मी म्हटलं, काका, त्याला तुम्ही परवाच घेऊन गेलात. ते मोठ्याने हसले. मग मी हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "पोरी, घराची किल्ली माझ्या खिशात आहे. घर आठ दिवस बंद आहे." मग म्हणाले, घरी जाऊन बघतो आणि फोन करतो.

फोन आला नाही. मी केला तर कोणी उचलला नाही. पाचला दुकानावर गेले.

काका डोळ्याला भिंग लावून काम करत बसले होते. म्हणाले, छे, मी कुठे फोन केला? अगदी शांत. जिन्याच्या तोंडाशी एक प्रवासी बॅग पडली होती. पट्ट्याला बसचं तिकीट अडकवलेलं. मी जवळ जाऊन तारीख वाचली. आजची.

आजोबा त्या बॅगेवर नाक दाबून पडले होते आणि थरथरत होते. माझा आवाज ऐकताच धडपडत आले. काका भिंग न काढता म्हणाले, घेऊन जा याला, माझ्याकडे रमत नाही.

मी विचारलं नाही, की सोळा वर्षं रमला तो कोणाकडे. आजोबांना उचललं आणि निघाले. कोपरा वळेपर्यंत मागे बघायची हिंमत झाली नाही.

१४ तारीख, शुक्रवार

भर दुपारी बारा. भांडी घासत होते. बेल वाजली.

कोणी भुंकलं नाही.

हातातली कढई तशीच धरून मी उभी राहिले. फौजदार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर झोपला होता. मी जाळीच्या दारातून पाहिलं. डॉक्टरीणबाई. सोळाला येणार होत्या. म्हणाल्या, परिषद लवकर आटोपली, न्यायला आले.

ज्या बाईंना सोडताना हा कुत्रा गाडीमागे गल्लीच्या टोकापर्यंत धावला होता, त्यांचा आवाज ऐकून त्याने कूससुद्धा बदलली नाही.

तोंडाला आलं ते खोटं बोलले. त्याला ताप आहे, प्राण्यांचे डॉक्टर हलवू नका म्हणालेत. बाई म्हणाल्या, ठीक आहे, थांबते. आणि फाटकापाशी थांबल्या. उन्हात. एक वाजला, दोन वाजले, साडेतीन. सावलीत सरकल्या नाहीत, घाम पुसला नाही, फोन काढला नाही. शेजारचा पेपरवाला त्यांना नमस्कार करून गेला, त्याच्यावर मात्र फौजदार तुटून पडला. चारच्या सुमाराला पाहिलं तर नव्हत्या.

मी त्यांना फोन लावला. त्यांनीच उचलला. मागे भाषण चाललेलं. दबक्या आवाजात विचारलं, काय, चप्पल फाडली का त्याने? मी सगळं सांगितलं. सांगितलं, रविवारी सरळ घरी जाऊ नका, आधी माझ्याकडे या. त्या अगदी पेशंटशी बोलावं तशा म्हणाल्या, "ताई, घरात एकट्याच आहात का?"

नवऱ्यालाही सांगितलं. आधी हसला. घड्याळवाल्यांच्या बॅगेचं ऐकल्यावर हसला नाही. म्हणाला, दार लावून घे. साहेब सोडत नाहीत, पण मंगळवारी नक्की येतो. आणि म्हणाला, "त्याआधी कोणी आलं, तर तो मी नाही."

१६ तारीख, रविवार

डॉक्टरीणबाईंचा सकाळी मेसेज. पोचले, आंघोळ करून येते.

लगेच फोन केला. उचलला नाही. चार वेळा केला. फौजदार सकाळपासून फाटकाकडे तोंड करून बसलाय.

पाचव्यांदा उचलला. आवाज त्यांचाच, शांत. म्हणाल्या, कुत्रा ठेवा तुमच्याकडेच. आम्हाला आता त्याची गरज नाही.

आम्हाला. बाई एकट्या राहतात.

पोलीसचौकीत गेले होते. हवालदाराने ऐकून घेतलं. विचारलं, तक्रार नक्की काय लिहू? माणसं घरी सुखरूप आली, ही?

१७ तारीख, सोमवार

किल्ली. नवऱ्याकडच्या किल्लीचा विचारच केला नव्हता.

मागच्या दोरीवर कपडे वाळत घालत होते. जेमतेम दहा मिनिटं. आत आले तर तो जेवणाच्या टेबलाशी बसून बूट काढत होता.

म्हणाला, काम लवकर उरकलं.

फौजदार टेबलाखाली होता. बुटाचं टोक त्याच्या कानाला लागत होतं. कान हलला नाही. लोकर त्याच्या पायावरून चालत गेली, सतरंजीवरून जावं तशी.

मी काय केलं? मी हसले. देवा, मी चक्क हसले आणि विचारलं, चहा टाकू का? त्याने कपाळावरचे केस मागे सारले, अगदी तसेच सारतो तो. म्हणाला, तू बस, मी करतो. साखरेचा डबा कुठे आहे हे त्याला माहीत होतं. मला अर्धा चमचा लागते हेही. आमच्या लग्नात माझ्या मामाची फजिती झाली होती, ती गोष्ट त्याने स्वतःहून काढली. एक शब्द चुकला नाही. मी नसती भीती घेतली असं वाटलं, एक क्षण अगदी खरंच वाटलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला.

तेवढ्यात त्याने दुधाचं पातेलं उचललं. उघड्या हाताने. उकळतं. आणि ते धरून माझ्याशी बोलत राहिला.

मी म्हटलं, कुत्र्यांना पाणी देऊन येते. तिघांना मागच्या खोलीत घेतलं आणि आतून कडी घातली.

फोन स्वयंपाकघरात राहिला. ही वही तेवढी कुत्र्यांच्या कार्डांबरोबर इथेच असते.

तासाभराने दाराशी येऊन तो म्हणाला, तुझ्या फोनवर मेसेज आला होता. उद्या दुपारी पोचतो, सगळं ठीक आहे ना, असा. मीच तुझ्या फोनवरून उत्तर पाठवलं. सगळं ठीक आहे, ये.

१८ तारीख, मंगळवार

सकाळ. तो बाहेरच आहे. दार ढकलत नाही. चिडत नाही. मधूनमधून माझं नाव घेतो, प्रेमाने. म्हणतो, किती वेळ अशी बसणार?

खिडकी मागच्या भिंतीकडे. ओरडून पाहिलं. घसा बसला. कोणी आलं नाही.

कुत्र्यांना उरलेलं पाणी दिलं. आजोबा माझ्या मांडीवर. त्यांच्या छातीची धडधड हाताला लागते. माझीही असेल.

पुढच्या दाराला त्याने आतून कडी घातली. ऐकलं मी. म्हणजे किल्ली चालणार नाही. म्हणजे बेल वाजवावी लागेल. म्हणजे आतून कोणीतरी उघडायला —

दुपार झाली. ऊन भिंतीवरून खाली आलं.

फौजदाराने मान वर केली. कान ताठ. अजून बेल नाही —

फाटक वाजलं.

भुंकतोय. तिघंही भुंकताहेत. लोकर दाराला पंजे मारतेय, शेपटी थांबत नाही. आजोबा उभे राहिलेत. तो आलाय, तो खरा —

बेल.

स्वयंपाकघरात खुर्ची सरकली. पावलं पुढच्या दाराकडे. सावकाश. त्याला घाई नाही —

मी कडी काढतेय. घसा फुटला तरी ओरडणार आहे, पळ, आत येऊ नकोस, आत तू आधीच