रबराला काहीतरी लावत जा

तीर्थस्वरूप अमृतराव दाजींच्या चरणी,
राहात्याहून तुमचा मेहुणा कानिफनाथ याचा दंडवत. ताईला नमस्कार.

आसामची हवा तुम्हाला आता मानवली असेल आणि ताईचा गुडघा तिकडच्या दमट हवेत कुरकुरत नसेल, अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. पेरूला फळ बरं लागलंय. तुमच्या आई ठणठणीत आहेत, काल आमच्याकडे जेवल्या आणि ठेचा दोनदा मागून घेतला. (हे मुद्दाम आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना त्यांचा घोर नको.) फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचाराल. दाजी, फोनवर तुम्ही बँकेतल्या सवयीनं पहिल्याच वाक्याला 'मुद्द्यावर ये' म्हणता, आणि यातला मुद्दा असा आहे की त्याच्यावर एकदम येण्यात धोका आहे. मोबाईलवर लिहायला गेलो तर तो माझे शब्द परस्पर बदलतो. म्हणून हातानं लिहून पानांचे फोटो पाठवतोय. पानं क्रमानं वाचा. शेवटचं पान आधी उघडायची ताईला खोड आहे, तिच्याकडे फोन देऊ नका.

राजूरचं स्थळ तुमच्या आईंनी आणलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझं वय तुम्हाला सांगायला नको. आजवर जिथं जिथं पोहे खाल्ले, तिथं बशी खाली ठेवायच्या आत 'नोकरी कुठं?' हे विचारून झालं. बाग आहे, विहिरीला पाणी आहे, दारू-तंबाखू नाही, हे कुणाला ऐकायचंच नसतं. अन् राजूरच्या या राजनंदिनीनं म्हणे आपणहून घरी सांगितलं होतं, शेती करणारा चालेल. मावशींनी (तुमच्या आईंना मी मावशी म्हणतो, पण आज तुमच्यासमोर तसं लिहायलाही भीती वाटते) हे मला बागेत येऊन सांगितलं, तेव्हा मी मोटार चालू करायला निघालो होतो. विहिरीपर्यंत गेलो आणि मोटार चालू न करताच परत आलो. असं माझं झालं होतं. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

आणि त्यात तुमची गाडी. बदली झाल्यावर ती तुम्ही आमच्या शेडमध्ये लावलीत, 'लागली तर वापर' म्हणालात आणि जाताना एकच आज्ञा केलीत, "कानिफ, रबराला काहीतरी लावत जा, उन्हानं तडकतं." काहीतरी! दाजी, पेरूवर काय मारायचं ते मी झोपेतसुद्धा सांगेन, पण 'काहीतरी' या नावाचं औषध राहात्यात एकाही दुकानात मिळत नाही. राजूरला तुमचीच गाडी घेऊन जायचं ठरलं, तेव्हा मी पहिल्यांदा ती नीट बघितली. दारांच्या कडेचं रबर पांढरट पडलेलं, टायरच्या बाजूला बारीक भेगा. उन्हाळ्यात टाचा फुटतात तशा. म्हटलं, असली गाडी दारात उभी केली तर ते म्हणतील, ज्याला रबर सांभाळता येत नाही तो बायको काय सांभाळणार.

शेजारच्या रंगुबाईंनी एरंडेल सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी मोटेच्या चामड्याला तेच चोपडायचे, चामडं कसं लोण्यासारखं राहायचं. मी दारांच्या रबराला सढळ हातानं चोपडलं. रबर आधी मऊ झालं, मग फुगलं, आणि मग दार लावायला दोन माणसं लागायला लागली, एक बाहेरून ढुंगणानं रेटायला आणि एक आतून ओढायला. शिवाय रस्त्यावरचा फुफाटा त्यावर असा बसला की ज्वारी टाकली असती तर उगवली असती. दोनदा साबणानं धुतलं तेव्हा कुठं दारं ताळ्यावर आली. मग मी शहाण्यासारखा गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन बाटल्या पुढं ठेवल्या. एक दुधासारखी, पाण्यातली. चमक बेताची, पण रबराला बाधत नाही. दुसरी काकवीसारखी दाट, तेलातली. टायर आरशासारखा दिसतो, पण पुढं धूळ धरते आणि रबर तपकिरी पडतं. मी विचारलं, यातली आंतरप्रवाही, म्हणजे आत भिनणारी, कुठली आणि स्पर्शजन्य, म्हणजे नुसती वर बसणारी, कुठली? त्यानं बाटल्यांवरची नावं पुन्हा वाचून बघितली. लिटरला किती मिली घालायची म्हटल्यावर म्हणाला, "घालायची न्हाई भाऊ, फडक्यावर घेऊन पुसायची, ती बी फकस्त टायरच्या बाजूला." सगळ्या राहात्यात माझ्याशी कुणी शहाणपणाचं बोललं असेल तर तो हा माणूस. ते मी ऐकलं नाही.

न ऐकायचं कारण छगन. (आमच्या बांधाशेजारचा, त्याचीही पेरूचीच बाग.) मी दोन बाटल्यांत अडकलो होतो. टिकाऊपणाला दुधाळ हवी आणि मुलीकडच्यांना दाखवायला चकाकती. छगन म्हणाला, "येकल्या औषिदानं काय हुतंय? जोडीला कायतरी लागतंयच." आता तुम्ही नोकरदार माणूस, तुम्हाला हे पटायचं नाही, पण आमच्याकडे एकटं औषध फवारणीच्या पंपात कधी जातच नाही. बुरशीचं, किडीचं, वाढीचं, सगळं एकत्र ढवळायचं आणि वरून स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं ते पातळ, दोन टोपणं. ही आमची हाडात मुरलेली रीत. तर मी दोन्ही बाटल्या पंपात ओतल्या, स्टिकर घातलं, ढवळलं आणि पंप पाठीवर घेतला.

फवारणीचा पहिला धडा काय? पानाच्या वरून कुणीही मारतं, खालून मारतो तो खरा शेतकरी. कीड खालच्या बाजूला बसते. मी जमिनीवर आडवा झालो आणि चारही चाकं वरून, खालून, आतून, मधल्या फटींतून, थेंब ओघळेपर्यंत भिजवली. चाकाच्या आत ब्रेकची चकती असते, हे मला माहीत होतं दाजी. पण त्या वेळी मला ती चकती दिसलीच नाही, मला पान दिसत होतं. दारांची रबरं झाली, काचांच्या पट्ट्या झाल्या, पंपात थोडं उरलं. उरलेलं औषध फेकायचं जिवावर येतं. ते मी आत पायाशी असलेल्या तिन्ही पॅडलांच्या रबरावर मारलं. स्टेपनी तेवढी कोरडी ठेवली, कारण नवीन औषध मारताना एक ओळ सोडायची असते, म्हणजे फरक कळतो.

फरक लोणीच्या अलीकडेच कळला. ब्रेक लागत होता, पण आधी विचार करून मग लागत होता. मावशी शेजारी पेरूंची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. संगमनेरला एक एसटी पुढं थांबली आणि मी तिच्या मागं असा थांबलो की तिच्या मागच्या पाटीवरची धूळ आपल्या बॉनेटवर पडली असेल. तिथूनच माघारी फिरायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पुढं राहुकाळ होता, तिकडं माणसं खोळंबली होती, आणि 'गाडी बिघडली, येत नाही' असा निरोप गेला की त्याचा अर्थ लोक वेगळाच काढतात. मी दुसऱ्या गिअरवर, रांगत, अकोले गावाच्या पुढचा घाट चढलो आणि उतरलो. मागं एक टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मावशी म्हणाल्या, "कानिफ, आज तू गप का रं?" मी म्हटलं, घाट बघतोय. त्या म्हणाल्या, "घाट नगं बघू, रस्ता बघ."

मुलीची वस्ती राजूरच्या अलीकडे, रस्त्यापासून खाली उतारावर. अरुंद वाट, दोन्ही अंगाला दगडी बांध, आणि वाट संपते ती थेट त्यांच्या अंगणात. अंगणात सगळे उभे. मुलीचे वडील फेटा बांधून पुढं, आणि पायरीशी ती, पाय धुवायला पाण्याची कळशी घेऊन. मी ब्रेकवर पाय दिला. पाय पॅडलवरून सटकला. पुन्हा दिला, पुन्हा सटकला, माशासारखा. हातब्रेक ओढला तर गाडी मागून फरफटली, पण थांबेना. मावशींनी पिशवी घट्ट धरली आणि अगदी हळू म्हणाल्या, "लई पळाया लागली रं गाडी." दाजी, मला फक्त ती कळशी दिसत होती आणि ती धरलेली मुलगी जागची हलत नव्हती. मी स्टिअरिंग फिरवलं. गाडी बांधाला टेकली, खरडत थोडी पुढं गेली आणि अंगणाच्या तोंडाशी थांबली. चाकांतून जळकट धूर यायला लागला.

मावशी उतरल्या, पदर सारखा केला आणि जणू आमच्याकडे असंच यायची पद्धत आहे अशा आवाजात म्हणाल्या, "आलो बरं का." मुलीच्या वडिलांनी गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "टायर मात्र लई चमकतेत." मला तिथंच जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पोहे आले. काय झालं ते वडिलांनी विचारलं, आणि मला खोटं लवकर सुचत नसल्यामुळे मी पंपापासून पॅडलापर्यंत सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांचा चमचा बशीतच राहिला. मग रिवाजाप्रमाणे मुलीला म्हणाले, तुला काही विचारायचं असलं तर विचार. तिनं विचारलं, "स्टिकर किती घातलं हुतं?" मी म्हटलं, दोन टोपणं. ती मान खाली घालून आत गेली. हसत होती की रडत होती, ते मला आजवर कळलेलं नाही. निघताना वडील म्हणाले, "कळवतो." दाजी, या शब्दाचा अर्थ मला आता पाठ झालाय.

राजूरच्या मेकॅनिकनं चकत्या धुतल्या, ब्रेकचे पॅड बदलले, पॅडलं घासून कोरडी केली. आता मी दुधाळ बाटलीतलं फडक्यावर घेऊन टायरच्या बाजूला आणि दारांच्या रबराला तेवढं पुसतो. भेगा गेल्या नाहीत, पण वाढतही नाहीत. माझं मात्र बागेत लक्ष लागत नाही. आठ दिवस झाले, राजूरहून फोन नाही. ती मुलगी मला आवडली दाजी, हे तुम्हालाच सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

तुमच्या प्रकृतीस जपा. ताईनं रागावू नये.

तुमचा,
कानिफनाथ

ता. क. : मुलीचे वडील तुम्हाला फोन करणार आहेत, असं मावशींकडून कळलं. मोठा जावई म्हणून तुमचा शब्द त्यांना हवाय. ते ब्रेकबद्दल विचारतील. मी त्यांना पंपाचं सांगून बसलोच आहे, पण ते नुसतं निमित्त, ब्रेकचं हे दुखणं जुनंच आहे, गाडी दिली तेव्हापासूनचं, एवढं एक वाक्य तुम्ही म्हणा. पत्र लिहायला बसलो तो याच्यासाठीच. माझ्यासाठी एवढं करा, पुन्हा काही मागणार नाही.

ता. क. दुसरा : फोटो काढत होतो तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. राजनंदिनी. (नंबर मावशींनी दिला. मला न विचारता.) मी बाजेवर बसलो होतो, तो उभा राहिलो. ती म्हणाली, "येक इचारते. गाडीला डावीकडचा बांध जवळ हुता. तिकडं घातली असती तर तुमची बाजू वाचली असती. उजवीकडं का वळवली?" मी खरं ते सांगितलं, डावीकडे मावशी बसल्या होत्या. ती म्हणाली, "तवा असा इचार केलता व्हय?" मी म्हटलं, विचार करायला वेळ कुठं होता. ती म्हणाली, "म्हनूनच फोन केला."

तर दाजी, 'बांधाला टेकली' असं जिथं लिहिलंय तिथं जरा जास्त वाचा. ड्रायव्हरच्या बाजूचं दार आत गेलंय, आरसा राजूरच्या बांधावर राहिला आणि मी आठ दिवस डावीकडून चढतोय. पहिला ता. क. खोडला असं समजा, तिच्या वडिलांना खरं तेच सांगा. मला काय बोलायचं ते पोटभर बोला, फक्त दार दुरुस्तीला टाक असं येत्या रविवारपर्यंत म्हणू नका. त्या दिवशी ती मंडळी आमचं घर बघायला येणार आहेत, हे तिनंच फोनवर सांगितलं, आणि तिनं वडिलांना सांगून ठेवलंय की घर, विहीर, बाग मागनं बघा, आदी गाडीचं दार बघा.