अजून थोडं फिरव

सोमवार, ४ मार्च

आज ताईच्या घरी राहायला आलो. ट्रंक जिन्यावरून चढवताना भावोजींनी एक बाजू धरली आणि म्हणाले, दगड भरून आणलेत की काय साळेबुवा? मी म्हणालो, अवजारं आहेत. ते म्हणाले, मग दगड बरे, निदान हरवत तरी नाहीत. ताई हसून हसून पायरीवरच बसली.

घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि दाराबाहेर गच्चीवर जाणारी लोखंडी शिडी. पुढच्या खोलीत भावोजींचा जुना कॉम्प्युटर, आणि खिडकीशी माझी खाट. ताईने उशीला नवा अभ्रा घातला आहे. आई गेल्यापासून माझं सगळं तिनेच केलं. मी नववीत शाळा सोडली तेव्हापासून तिचा एकच घोषा, की रोज पानभर लिही, नाहीतर अक्षर आणि डोकं दोन्ही गंजेल. म्हणून ही वही.

उद्यापासून कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जायचं. मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. आधी काम बघतो, मग ठेवायचं की नाही ते सांगतो, असं ते भावोजींना म्हणाले आहेत. ठेवणार नाहीत असंच सारखं वाटतंय. पण खाट फार छान आहे.

मंगळवार, ५ मार्च

दुकान बोळासारखं लांब आणि अरुंद आहे. दोन्ही भिंतींना कॉम्प्युटरची उघडी कॅबिनेटं, मधून आडवं होऊन चालावं लागतं. उस्तादांनी पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की मशीन चालू होतं, पण आपण गाढवच राहतो.

दुपारी त्यांनी मला एक टीव्ही ट्यूनर कार्ड दिलं. हे कॉम्प्युटरमध्ये बसवून अँटेनाची वायर जोडली की मॉनिटरवर टीव्ही दिसतो. एक गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून गेलं ते पुन्हा फिरकलंच नाही. आवाज येतो, चित्र येत नाही. उस्ताद म्हणाले, आपल्याकडे लेखी परीक्षा नसते, हे चालवून दाखव, म्हणजे तू पक्का. दुकानात अँटेना नाही. ताईच्या गच्चीवर एक जुनी आहे, म्हणून कार्ड घरी आणलं.

बुधवार, ६ मार्च

भावोजी सकाळी फिरतीवर गेले. औषध कंपनीचं काम, रविवारी परततील.

संध्याकाळी कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने घासून स्वच्छ केले, स्लॉटमध्ये नीट दाबून बसवलं, स्क्रू लावला, गच्चीवरून आलेली वायर मागच्या भोकात खोचली, कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये घातला. स्पीकरमधून खरखर आली, पण पडदा काळाच. मग स्लॉट बदलला. मग ड्रायव्हर. मग रंगांची सेटिंग. प्रत्येक वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येक वेळी काळं.

खरखरीत मधूनच कुणी कोरडे केस विंचरावेत तसा आवाज येतो. ताई म्हणाली, तुझ्या खोडरबराने त्याला गुदगुल्या झाल्या असतील.

गुरुवार, ७ मार्च

आज दुकानाला सुट्टी. आता अँटेनाची दिशा बदलायची राहिली होती. लहानपणी हे काम आम्हा दोघांचंच असायचं. मी वर, ताई खाली. आजही तसंच केलं. मी गच्चीवर अँटेनाचा दांडा धरून उभा, ती मॉनिटरसमोर, आणि खिडकीतून ओरडाआरडा. अजून थोडं फिरव, अजून थोडं, अरे शहाण्या, उलटं नको! शेजारच्या गच्चीवरचे कपडे वाळत घालणारे काका म्हणाले, चालू द्या, आम्हालाही करमणूक.

मग ताई ओरडली, थांब, दिसलं! मी शिडीवरून धडपडत खाली आलो. पडदा काळा होता.

ताई शपथेवर सांगते की दिसलं. आपल्यासारखीच एक खोली, खुर्चीत पाठमोरी बसलेली बाई, लांब वेणी. कुठली तरी मालिका असेल म्हणाली, काही घडत नाही मेलीत, नुसती बसली आहे. मी पुन्हा वर गेलो तर तिला पुन्हा दिसलं. खाली आलो की काळं. तिला मजा वाटते. मला नाही.

शुक्रवार, ८ मार्च

दुकानातून आल्याबरोबर ताईने मला चहासुद्धा न घेऊ देता गच्चीवर पाठवलं. मी अँटेना जितकी फिरवतो तितकी ती बाई आमच्याकडे वळते, असं ती म्हणते. आज तिचा कान दिसला. मी म्हणालो, अँटेना फिरवून माणसं वळत नाहीत. ती म्हणाली, तू वर जा रे, अक्कल शिकवू नकोस, मला तिचं तोंड बघायचं आहे.

मी फिरवत राहिलो. ताई सांगते ते मी करतो, ही सवयच आहे.

जेवताना ती माझ्याकडे पाठ करून बसली. रागावलीस का विचारलं, तर म्हणाली, छे रे, इथे उजेड बरा आहे.

शनिवार, ९ मार्च

उस्तादांना सगळं सांगितलं. आधी हसले, मग हसायचे थांबले. अँटेना फिरवली की चित्र स्वच्छ होतं नाहीतर मुंग्या येतात, बास, म्हणाले. मग विचारलं, वायर कुठल्या भोकात खोचली आहेस? कार्डाला सारखीच दिसणारी दोन भोकं असतात, एक टीव्हीचं, एक रेडिओचं.

घरी येऊन कॅबिनेट फिरवलं. वायर रेडिओच्या भोकात होती. पहिल्यापासून. बाकी सगळं बदललं, हे एवढंच बघितलं नाही. म्हणजे या पडद्यावर चित्र येणं शक्यच नव्हतं. ताईने जे पाहिलं ते गच्चीवरून आलेलं नाही.

मी ताईला हाक मारली. ती मॉनिटरसमोर खुर्चीत, माझ्याकडे पाठ करून बसली होती. म्हणाली, बाईचा गाल दिसायला लागला, आता थोडंच राहिलं. तिच्याशी नीट बोलता यावं म्हणून मी वळसा घालून समोर गेलो.

समोरूनही वेणीच दिसली.

दुसऱ्या बाजूने गेलो. वेणी.

रविवार, १० मार्च

ताई घरात हिंडते, भांडी घासते, गुणगुणते. कुठूनही पाहिलं तरी पाठच. आरशातही. मी मागून हात पुढे नेला, जिथे तोंड असायला हवं तिथे. नुसते केस. ती म्हणाली, गुदगुल्या होतात.

भावोजींचा फोन आला, काम लांबलं, उद्या येतो म्हणाले. ताई त्यांच्याशी पाच मिनिटं खिदळली. मी फोन घेऊन सांगायला लागलो तर म्हणाले, साळेबुवा, ती ठणठणीत आहे, तुम्हीच जरा झोप काढा.

मी विचार केला. बाई जितकी इकडे वळली, तितकी ताई तिकडे गेली. आणि फिरवलं मी. मग उलटं फिरवलं तर ताई परत येईल. गच्चीवर गेलो. उलटं फिरवलं. खालून ताई ओरडली, हां, तस्संच, अजून थोडं. पुन्हा सुलटं फिरवलं. हां, तस्संच, अजून थोडं. त्याच आनंदात.

मी दांडा सोडला. खाली कोण बोलत होतं —

सोमवार, ११ मार्च

दुकानात गेलो नाही. कॉम्प्युटर बंद केला, वायर उपटली. तरी ती खुर्चीत बसून विचारते, फिरवतोस ना?

एकच गोष्ट बदलायची राहिली होती. वायर टीव्हीच्या भोकात खोचली. कॉम्प्युटर सुरू केला. मी खाटेवर बसून बघतो आहे, खुर्ची माझ्या पाठीशी सरकवली आहे. तिच्यासकट. म्हणजे मला वेणी दिसू नये.

चित्र आलं.

आवाज नाही. आमचीच खोली. ताई. तोंड इकडे. ताईचं तोंड. डोळे रडून सुजलेले. तिला मी दिसतो. ती काचेवर हात ठेवते आहे. ओठ हलतात —

सोमवार, थोड्या वेळाने

पडद्यातली ताई माझ्या खांद्यामागे बघते. मग हाताने ओढून काढायची खूण करते. वायर. वायर काढ म्हणते आहे. मी हलत नाही म्हणून रागावली. लहानपणी रागवायची तशीच.

कळलं मला. चित्र आहे तोवर मागची, खुर्चीतली, माझ्याकडे वळते आहे. वायर काढली तर मागची थांबेल. पण मग ताई —

नाही काढणार. आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकत नाही, ताई.

मागे खुर्ची करकरली.

मान वळवत नाही. खाली बघून लिहितो. वहीवर वेणीचं टोक आलं आहे. ओलं आहे.

भावोजी, पहिलं हे वाचा. वायर काढू नका. कुणी काही सांगितलं तरी. ताई आत आहे, तिला आपण दिसतो. आणि दार जी उघडेल, ती हसली तरी तिच्या तोंडाकडे —