पायपेटीला पडलेलं भोक

रत्नागिरी,
सोमवार, ता. ६ फेब्रुवारी १९५६

ती. अक्का हिस धाकट्या दानीएलाचा ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. भावोजींचा गुडघा, मुलांचा खोकला आणि तुमच्या मिरजेच्या नळाचं पाणी ही तिन्ही आता सुधारली असतील अशी आशा करतो (प्रार्थनेत मी गुडघा आधी घेतो, कारण भावोजी वयाने मोठे). इकडे सर्व क्षेम आहे. परसातल्या कलमाला मोहर चांगला आला होता, त्यावर तुडतुडे पडले. माझी तब्येत उत्तम आहे. जेवण जात नाही आणि झोप लागत नाही, एवढं सोडलं तर सांगण्यासारखं काही नाही.

राहीच्या लग्नाचं काय ठरलं, असं तू विचारलंस. आता त्याच्याशी माझा काय संबंध? ती शेजारच्या भागोजी मास्तरांची मुलगी, मी कुंपणाच्या अलीकडचा. गेली वीस वर्षं त्या कुंपणावरून ताक, विस्तव, विरजण आणि भांडणं यांची देवघेव झाली, त्यात माझ्याकडची एक गोष्ट तेवढी द्यायची राहून गेली (तू दर पत्राच्या शेवटी "बोल रे मेल्या, बोल" असं लिहीत आलीस, ती सगळी पत्रं मी जपून ठेवली आहेत). आता तिला चिपळूणचा शामुवेल सांगून आला आहे. मुलगा चांगला आहे. शेतकी खात्यात नोकरी आहे, मनगटी घड्याळ आहे, आणि उंची इतकी की मास्तरांच्या दारातून आत येताना त्याला वाकावं लागतं. ते दार मी मापलं आहे, अक्का. वाकायची काहीएक गरज नाही. हसला की त्याचे सगळे दात दिसतात, आणि ते सगळे जागच्या जागी आहेत. मला त्याचा मुळीच हेवा वाटत नाही, हे मुद्दाम कळवतो.

घोळ झाला तो लग्न कुठे लावायचं यावरून. शामुवेलाने टूम काढली की नवा कायदा आला आहे, तर रजिस्टर लग्न करू. देव काय, कचेरीतही असतो (आमच्या कचेरीत त्याला अजून कोणी पाहिलेला नाही). मास्तर भडकले. आज्यापासून सगळ्यांची लग्नं प्रभूच्या मंदिरात, पाळकासमोर लागली, आणि माझी पोरगी काय शिक्का मारून पाठवायचं पार्सल आहे, असं म्हणून त्यांनी दोन दिवस चहा सोडला. राही बिचारी मधल्यामधे. शेवटी एक दिवस कुंपणापाशी येऊन मला म्हणाली, "दानू, मला दोघांचंही पटतं नि दोघांचंही पटत नाही. तू शहाणा आहेस. तू सांगशील तसं करू." ज्याच्या पोटात दुखतं त्यालाच ओवा वाटायला बसवलं, असा हा प्रकार.

मी विचार केला. मंदिरात लग्न म्हणजे पायपेटी वाजवणार कोण? नऊ वर्षं दर रविवारी वाजवतो तो मीच. नवरी दारातून आत येते तेव्हा तिची पावलं ऐकून लय धरायची असते. म्हणजे मी आपल्या दोन्ही पायांनी भाता मारीत मारीत राहीला त्या लांबड्यापर्यंत नेऊन पोचवायची! तेव्हा मी मास्तरांना रजिस्टर लग्नावर तासभर व्याख्यान दिलं. साधेपणा, बचत, नवा देश, काही सोडलं नाही. (आतली गोष्ट अशी की रजिस्टरला आधी तीस दिवस नोटीस लावतात, कोणाची हरकत असली तर कळावी म्हणून. तीस दिवसांत सरकारी माणसाची बदली खानदेशातही होऊ शकते.) मास्तर अगदी वळत आले होते, एवढ्यात राही आनंदाने म्हणाली की रजिस्टरला तीन साक्षीदार लागतात, त्यात पहिली सही दानूची.

सही! वाजवताना निदान भिंतीकडे तोंड असतं. इथे स्वच्छ अक्षरात लिहून द्यायचं की हे माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मी नुसता बघत उभा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन मी मास्तरांना मंदिराच्या पावित्र्यावर तासभर व्याख्यान दिलं. मास्तर म्हणाले, "मेल्या, काल उलटं बोलत होतास. ऊन लागलं काय तुला?" पण खूष झाले, चहा प्यायले. शामुवेलानेही हट्ट सोडला आणि, दोन्हीकडचं मन राखलंत म्हणून, मला मिठी मारली. त्याच्या खिशातलं पेन माझ्या नाकाला लागलं. मिठी मारायला मात्र तो वाकला नाही.

तर मंदिर ठरलं. तुला ठाऊकच आहे, आधी तीन रविवार लग्नाची सूचना वाचतात आणि कोणाची हरकत आहे का ते विचारतात. पहिल्या रविवारी मी खोकलो. दुसऱ्या रविवारी छपराची कौलं मोजली. तिसरा रविवार काल झाला. पाळकसाहेबांनी विचारलं, आणि अक्का, मी उभा राहिलो. मी ठरवलं नव्हतं, पाय आपले आपण उठले. सगळी मंडळी मागे वळली. मास्तरांनी चष्मा काढला. शामुवेलाचे दात प्रथमच ओठांआड गेले. राहीने गीतपुस्तकातून मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. बाबांनी माझं नाव ठेवलं ते पवित्र शास्त्रातल्या, सिंहांच्या गुहेत निर्धास्त बसणाऱ्याचं. पण गुहेत ओळखीची माणसं नव्हती, इथे साठ होती. मी म्हणालो, "पाळकसाहेब, पायपेटीच्या भात्याला भोक पडलं आहे."

सगळे हसले. शामुवेल सगळ्यांत मोठ्याने हसला. पाळकसाहेब म्हणाले की ही हरकत लग्नाच्या आड येत नाही, शनिवारच्या आत भोक बुजवावं.

लग्न शनिवारी सकाळी दहा वाजता आहे. मी मजेत आहे, काळजी नसावी. भावोजींना सलाम, मुलांना पापा.

तुझा भाऊ,
दानीएल

ता. क. भात्याला भोक उंदराने पाडलं असं मी सर्वांना सांगितलं आहे. ते मी परवा दाभणाने पाडलं. तुझ्याशी खोटं बोलवत नाही.

ता. क. २. आज दुपारी राही जुन्या वहाणेचं चामडं आणि खळ घेऊन मंदिरात आली. भोकावर ठिगळ तिने धरलं, मी चिकटवलं. तिने भोक बोटाने चाचपलं आणि म्हणाली, परवा आमच्याकडून दाभण नेलंस ते परत दे. ठिगळ बसत आलं तेव्हा म्हणाली, "काल तू उभा राहिलास तेव्हा मी श्वास धरून बसले होते, दानू. म्हटलं, आता तरी बोलेल." मी म्हणालो, भात्याचंच बोलायचं होतं. ती पदराला हात पुसून निघून गेली. गो अक्का, मी गाढव आहे.

ता. क. ३. सोबत एक बंद चिठ्ठी आहे, ती राहीसाठी. कुंपण ओलांडून द्यायला मला जमलं नाही, म्हणून मिरजेमार्गे पाठवतो आहे. ती तू टपालात टाकू नकोस. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. तिथून चिठ्ठी टपालाने परत येईपर्यंत रविवार उजाडेल आणि लग्न शनिवारी आहे. एस.टी. मात्र सकाळी तिकडून निघाली की संध्याकाळी रत्नागिरीला पोचते. हे आपलं सहज लिहिलं.