हातावरचं दही

सोमवार, २३ फेब्रुवारी २०२६, सायंकाळी ५ वाजून १० मिनिटे

बोरगाव मेघेतल्या नव्या खोलीत खिळ्याला पिशवी टांगत होतो, तेवढ्यात घरमालकीण चहा घेऊन आल्या. कौशल्याबाई, साठीच्या असाव्यात. मला मावशीच म्हण म्हणाल्या. खोली फार छान आहे. पूर्वेला खिडकी, अंगणात कढीलिंब, आणि शांतता अशी की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात.

बाबा नागपूरच्या दवाखान्यात आहेत. तिथे रुग्णाजवळ एकालाच राहू देतात, म्हणून बहीण आकांक्षा थांबली आहे. नागपुरातलं लॉज परवडत नाही, आमच्या आर्वीहून रोजचं जाणं-येणं जमत नाही. इथून स्टेशन जवळ. शुक्रवारी बाबांचं ऑपरेशन. त्यांचा रक्तगट ओ निगेटिव्ह, रक्तपेढीत शिल्लक नाही, घरात फक्त माझा जुळतो. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत एक बाटली द्यायची आहे. हाताशी चार दिवस आहेत. मी नववीत शाळा सोडली, पण अडतीवर काट्याची वजनं मीच लिहितो आणि एक किलोही इकडचा तिकडे होऊ देत नाही. हेही नीट होईल.

मंगळवार, २४

निघताना मावशींनी हातावर चमचाभर दही ठेवलं. आमच्याकडेही देतात, पण घरचं माणूस देतं. बरं वाटलं. चाटून घेतलं. मावशींनी सांगितलं की त्यांचा मुलगा पियुष सहा वर्षांपूर्वी नागपूरला निघाला त्या दिवशी विरजण लागलं नव्हतं. तो कोरड्या हाताने गेला आणि परत आलाच नाही. तेव्हापासून या घरातून दह्याशिवाय कोणी जात नाही, आणि जो जातो तो परत येतो.

अकराला रक्तपेढीत पोचलो. आधार कार्ड मागितलं, ते पिशवीत नव्हतं. निघताना तीनदा पाहिलं होतं. संध्याकाळी येऊन बघतो तर उशीवर. स्वतःचा इतका राग आला की जेवलो नाही.

बुधवार, २५

कार्ड खिशात, खिशाला पिन. दही घेतलं. सकाळची गाडी, खिडकीजवळची जागा. बुटीबोरीला पाणी भरायला उतरलो आणि त्याच डब्यात, त्याच जागी येऊन बसलो. पुढचं स्टेशन वर्धा आलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, गाडी नागपूरहूनच तर येत आहे. दुसरी गाडी धरली. दारात उभा राहिलो, कुठेच उतरलो नाही. सिंदी गेलं. मग पुन्हा वर्धा.

आकांक्षाचा फोन आला. ती म्हणाली, "दादा, तू खरंच निघून राह्यला, का खोलीत झोपून राह्यला?" काय सांगू? सांगितलं, गाडी चुकली. ती दुसरा रक्तदाता शोधत आहे. मिळालेला नाही.

मावशींकडे वरच्या खोलीत मोतीलाल नावाचे गृहस्थ राहतात. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल, दिवसभर पायरीवर बसलेले. दोन दिवसांच्या कामाला आले होते म्हणे. फाइलवर २०२१ लिहिलेलं आहे. मी झालेलं सांगितलं तर हसले.

"बुटीबोरीपर्यंत जाते ना तुमचं? लय झालं. माझं तर फाटकापासूनच वापस येते."

गुरुवार, २६

मावशींना म्हटलं, आज दही नको. त्यांनी वाटी झाकून ठेवली. ऑटोत बसलो. बजाज चौकाजवळ मूठ ओली लागली. आंबट वास. उघडून पाहिली — दही. रुमालाने पुसलं. पुन्हा आलं. ऑटोवाला म्हणाला, उतरा, आलं तुमचं. समोर मावशींचं फाटक.

चार ऑटो केले. चौथा तर गल्लीच्या तोंडापर्यंतही गेला नाही.

मावशी फाटकात उभ्या होत्या. मी ओरडलो. मला सोडा म्हणालो, रक्त मिळालं नाही तर बाबा जातील म्हणालो. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"बापू, बाप सगळ्यायचाच जाते. पोरगं वापस आलं पाहिजे."

शुक्रवार, २७, सकाळी ६

पायी निघतो. ऑटो नाही, गाडी नाही. अनवाणी, हात धुऊन —

७.२०. उजवीकडे वळलो. फाटक. डावीकडे. फाटक. मागच्या भिंतीवरून उडी मारली, पाय अंगणातच टेकले.

९ वाजता. आकांक्षाचे सहा फोन. शेवटचा उचलला. ती भांडली नाही. फक्त विचारलं, येतो का. येतो म्हटलं —

१०.४५. फाटकाला हात लावला, तर पायरीवर बसलेलो. मोतीलाल बाजूला सरकले, मला जागा केली.

११.३०. दही सुकत नाही. वहीची पानं ओली होतात. मावशी वाटी घेऊन येत आहेत. मी नाही म्हणतो आणि हात आपोआप पुढे —

खर्च लिहून ठेवतो. आकडे तरी माझं ऐकतात.
मंगळवार : ऑटो ४०, रेल्वे ७०.
बुधवार : ऑटो ४०, रेल्वे ७०.
गुरुवार : ऑटो ८०.
शुक्रवार : काही नाही.
खोलीभाडं : मावशी घेत नाहीत.
देणं : बाबांना रक्ताची एक बाटली, दुपारी बारापर्यंत. आता बारा वाजून