दुपारी दोनचा वर्ग

प्रिय पेंगूळबाई,

या नावानं शेवटचीच हाक मारतोय. का, ते पुढं सांगतो.

परवा तू तुझ्या जुन्या शाळेत वर्गांतल्या उकाड्याची तपासणी करायला आलीस, तेव्हा बोलावणं नसताना मीही दाराशी येऊन उभा राहिलो. मुख्याध्यापक म्हणत होते, माझ्या खोलीत तर काही उकडत नाही. तू वाद घातला नाहीस. तापमापक उचललास, सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर ठेवलास आणि दुपारी दोनला शाळेच्या सगळ्या समितीला तिथंच बसवलंस. पाच मिनिटांत अध्यक्ष वहीनं वारा घेऊ लागले, पंधराव्या मिनिटाला चक्क पेंगले! आकडा वाचून दाखवायची गरजच उरली नाही. अगं, माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तेवढं तुटायचं राहिलं.

मग तू वर बोट दाखवलंस. गरम हवा वर चढते, पण बाहेर पडायला तिला वाटच नाही. खिडक्यांवरचे झरोके कुणीतरी बुजवलेत, म्हणालीस. मी चपलांकडे बघत राहिलो.

तू सातवीत असताना बाईंची चिठ्ठी आली होती, मुलगी दुपारच्या तासाला झोपते म्हणून. मी गवंडी माणूस, दिवसभर उन्हात उभा. सावलीत बसून हिला झोप कसली येते, असं म्हणून तुला वाट्टेल ते बोललो, वर हे नाव चिकटवलं. सगळ्या गल्लीनं ते उचललं. तू हसण्यावारी नेलंस आणि मोठी होऊन, कुठल्या खोलीत माणसाला गुंगी का येते, तेच शिकून आलीस. मला तुझा फार अभिमान वाटतो.

ते झरोके मीच बुजवले होते, बाळा. तुझ्या सहावीनंतरच्या सुट्टीत. कबुतरं घाण करतात, बंद करा, असं शाळेनं सांगितलं. जाळीनं भागलं असतं हे मला कळत होतं, पण विटा हाताशी होत्या. ते नाव मी परत घेतो. मला माफ कर. काल छिन्नी-हातोडा घेऊन गेलो, सहाच्या सहा झरोके मोकळे केले आणि जाळी बसवली. आज दुपारी दोनला तुझ्या बाकावर जाऊन बसलो. बाईंनी पूर्ण तासभर अपूर्णांक शिकवले. माझा डोळा लागला नाही.

तुझाच,
बाबा