सावली गडप होण्याचा तास

॥ श्री ॥
शारजा, ९ जून १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शुभ्राच्या शाळेत आता मुलांना चार भिंतींबाहेर शिकवतात, हे वाचून तुझ्यासारख्या जिल्हा परिषदेच्या बाईंना धन्य वाटेल. मागच्या महिन्यात निसर्गफेरी झाली. एसी बस, काळ्या काचा, बागेला दोन चकरा आणि यल्ला, चला घरी परत. झाडांनी मुलांना पाहिलं असावं. उलट घडल्याचा पुरावा नाही.

म्हणून मीच तिच्या बाईंना, वसईच्या मिस कॅमिलांना, भेटलो. एकवीस तारखेला मैदानावर माझा तास. मिरजेत मे महिन्यात आपण पाहायचो, तशी भर दुपारी काठीची सावली गडप करून दाखवणार. इथलं ऊन मिरजेच्या दुप्पट, म्हणजे सूर्य नेमका डोक्यावर; त्यात शंका कसली? वर्कशॉपात दांडा स्वतः लेथवर खरादलाय, ओळंबाही नवा आहे. कॉलेजात न जाता माणूस किती शिकू शकतो, ते बघू दे इथल्या डिग्रीवाल्यांना.

थट्टा पुरे. एप्रिलपासून शुभ्रा वर्गात एक अक्षर बोललेली नाही. सुट्टीआधी बोलली नाही, तर दुसरीतून पुन्हा पहिलीत बसवणार आहेत. परवा मात्र तिने मिसच्या कानात सांगितलं, की माझे बाबा सावली घालवणार. अनुपमा म्हणते, पोरीने सगळं तुमच्या काठीवर टांगलंय. टांगू दे. काठी भक्कम आहे.

माया आहेच, तिला गंज चढू देऊ नकोस.
तुझा सदानंद

॥ श्री ॥
मिरज, १८ जून १९९७

चि. सदानंदास अनेक आशीर्वाद.

तुझा आत्मविश्वास वाचून मला सूर्याचीच काळजी वाटली. अरे शहाण्या, ऊन किती भाजतं त्यावरून सूर्य डोक्यावर आहे की नाही ते ठरत नसतं! शारजा कर्कवृत्ताच्या वर आहे, हे माझी चौथीची पोरं नकाशात बोट ठेवून सांगतील. सूर्य त्या वृत्तावरूनच माघारी फिरतो. सावली आखूड होईल, जाणार नाही. तीनदा फोनच्या बूथवर जाऊन आले, लाईन लागेना. तास रद्द कर. तुझी फजिती होऊ दे, तुला सवय आहे, पोरीची नको.

अनुपमाला आशीर्वाद, शुभ्राला पापा, तुला अ‍ॅटलास.
ताई

॥ श्री ॥
शारजा, २८ जून १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. टपालखात्याने वेळ फार सुरेख साधली. तास होऊन आठवडा झाला.

दांडा तसूभरही कललेला नव्हता. सावली आखडत आखडत बोटाएवढी झाली आणि आगंतुक पाहुण्यासारखी तिथेच बसली. मी मुलांना थांबा म्हटलं. थांबली बिचारी. सावली पुन्हा लांबू लागली. मी ओळंबा तपासला, जमीन तपासली, घड्याळ तपासलं. वॉचमन खैरुद्दीनने हिंदीत विचारलं, की साहेब, सूर्याला आज सुट्टी आहे का. मुलं हसली. मी शुभ्राकडे बघायचं टाळलं आणि जाहीर केलं, की आज हवेत धूळ फार आहे.

तेवढ्यात ती पुढे आली. सावलीवर बोट ठेवून, साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात, इंग्रजीत म्हणाली, की धूळबिळ काही नाही, माझे बाबा चुकले. सावली तिकडे पडलीय म्हणजे सूर्य अजून इकडेच आहे.

टाळ्या तिला पडल्या. दुसरीतली जागा कायम. मिसनी मला सप्टेंबरमध्ये पुन्हा बोलावलंय. विषय कुठलाही घ्या, फक्त चुका, असा अनुपमाचा सल्ला.

तिचं वाक्य मी घरी येऊन डिक्शनरी उघडून तपासलं. एकही चूक सापडली नाही.

हसून झालं की थोडा लोभही पाठव.
सदानंद