रिकाम्या टेबलाचा इंजनेर

॥ श्री ॥

राजकोट,
ता. ९ मार्च २००४

ती. सौ. सत्यभामा अक्कास,

सुग्रीवचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. शहादेव दाजींना नमस्कार सांग, भाच्यांचे गालगुच्चे घे. मी इकडं धडधाकट आहे. तुमच्याकडं पाणी किती दिवसाआड येतं ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे येतच नसणार. इथं शिमगा लई जोरात करतात, रंग कालवून बादल्याच्या बादल्या ओततात. मी खोलीतच बसून राहिलो. तेवढं पाणी गटारीला जाताना बघवत नाही.

तुझं पत्र पोचलं. परवा वाचलं, काल वाचलं, आज जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं. तुमच्या धर्मापुरीच्या त्या मिस्त्रीबद्दल तू विचारलंस, त्याचं मागून लिहितो.

दाजींना म्हणावं, विहिरीत पाणी येईपर्यंत मोटर नुसती चालू करून बघायची नाही, जळते. त्यांना सवय आहे. आईनं पत्रात लिहवून घेतलं होतं की वडवणीच्या बाजाराला गेलं की आबा आता ओळख नसलेल्या माणसालाही थांबवून माझं सांगतात. आपल्या गावच्या दूध संस्थेत चेअरमन विठ्ठलरावांनी त्यांना खुर्ची दिली म्हणे, इंजिनिअरचे वडील म्हणून. आबा त्या खुर्चीवर बसले, हे वाचून मला दोन घास कमी गेले.

आता मिस्त्रीचं.

तू लिहितेस ते मी नीट समजलो का बघ. दाजींच्या नात्यातल्या ज्या मुक्ताशी माझं जमतंय, तिच्या चुलतीनं, बायनाबाईनं, तुला सांगावा धाडला. त्यांची जनावरं कडा गावाजवळच्या चारा छावणीत आहेत. तिथं राजकोटच्या कंपनीचा एक मिस्त्री मशीन दुरुस्त करायला आलता, स्वतःचं गाव धर्मापुरी सांगत होता. पोरगा कामाचा आहे, तर तो कुणाचा, लग्न झालंय का, चौकशी कर. जमलं तर इंजिनिअरचं राहू द्या, आमची पोरगी ह्याला देऊ. आणि तू मला विचारतेस की तुझ्याच कंपनीचा हा कोण माणूस, तुझ्या ताटातलं उचलायला निघालाय, त्याला तू ओळखतोस का.

ओळखतो अक्का.

पण त्याआधी तुला खोलीचं सांगावं लागेल. फोनवर हे झालं नसतं. तुमच्या गावचा फोन किराणा दुकानात, निम्मं गाव साखर घेत ऐकत उभं राहतं.

मागच्या वर्षी मी कडबा कुट्टीच्या मशीनला पायानं दाबायची पट्टी बसवली ते तुला माहीत आहे. त्यात माझी काही हुशारी नव्हती. माझ्या शेजारचा कामगार दोन्ही हातात चारा घेऊन मशीन तपासायचा आणि काही अडकलं की माझ्या नावानं बोंबलायचा, ‘बंद कर, बंद कर!’ मी सारखा हातातलं काम टाकून बटणाकडं पळायचो. वैतागून एक दिवस पट्टी ठोकली, म्हटलं, आता तुझ्या पायानं तूच बंद कर बाबा. शेठनी ते बघितलं. पुढं सगळ्या मशीनला तशी पट्टी बसायला लागली.

शेठ खूश झाले. मला वरची खोली दिली. पंखा, टेबल, पांढरे कागद. म्हणाले, ‘सुग्रीव, अब तेरा काम सिर्फ सोचना.’ नवीन काही काढलं की बक्षीस. मी घरी लिहिलं की शेठनी विचार करायला खोली दिली. आबांनी त्याचं इंजिनिअर केलं. मी ते खोडलं नाही. आठवी नापास माणसाला वडील इंजिनिअर म्हणायला लागले तर कोण खोडतं सांग. मी तर फोटो पण काढून पाठवला, टेबलापुढं बसून, तोंडाला पावडर लावून.

आणि अक्का, त्या खोलीत मला काहीही सुचलं नाही.

सुरुवातीला वाटलं, नवीन आहे, येईल. मला तर शेतात चालताना सुचायचं, जेवताना सुचायचं, आई म्हणायची ह्याच्या बुडाखाली काटा आहे. तो काटाच गेला. खालून ठोकाठोकीचा आवाज यायचा आणि मी पंख्याकडं बघत बसायचो. बक्षिसाचं मनात आलं की डोकं आणखी बंद. मग नुसतं काहीतरी दाखवायला म्हणून काढायला लागलो. मशीनला बसायला सीट काढली. कुट्टी करताना कोण बसतं? मग मशीनला घड्याळ काढलं. शेठ तो कागद उलटासुलटा करून बघून म्हणाले, ‘सुग्रीव, भैंस को टाइम देखना है क्या?’

खालची पोरं अजून मला भेटली की टाइम विचारतात.

मी तेव्हा हसलो, पण खोलीत येऊन दार लावून घेतलं. मला वाटलं, होतं ते संपलं. एकच पट्टी होती माझ्यात, ती निघाली. आता हे लोक मला काढणार, आणि मी कुठल्या तोंडानं घरी जाणार. म्हणून दिवाळीला आलो नाही. कामाचा खोळंबा आहे असं लिहिलं होतं, ते खोटं.

तेवढ्यात छावणीची तक्रार आली. तिथल्या दूध संस्थेनं आमची मशीनं घेतली होती, ती ऊस ओढत नव्हती. आमचा नेहमीचा मिस्त्री आजारी होता. मी शेठना म्हटलं, मी जातो. मुलूख माझा आहे हे सांगितलं, कशासाठी जातोय ते सांगितलं नाही. मला फक्त त्या खोलीतून पळायचं होतं.

नगरवरून कड्याला उतरलो. छावणी म्हणजे अक्का, माळावर दुसरं गावच. ताडपत्र्या, दावणी, चुली, म्हातारी माणसं बाजेवर, पोरं शेणात. मी पांढरा शर्ट काढून पिशवीत घातला आणि मशीनखाली शिरलो. वरून आवाज आला.

‘ए बाबा, खाली झोपायला आलास का दुरुस्त करायला?’

ती बायनाबाई. डोक्यावर पदर, कमरेला पदर, मधी नुसतं तोंड.

‘बघतोय मावशी.’

‘बघ बघ. चार दिस झाले सगळे बघूनच चाललेत. चेअरमन बघून गेला, तलाठी बघून गेला, आता तू बघ. आमच्या गाई पन बघायल्यात, चारा कवा येतो म्हनून.’

दोष असा होता. मशीनमध्ये दोन लोखंडी रूळ एकावर एक असतात, ते चारा आत ओढतात. दोघांमधली फट ठरलेली. कडबा सरळ जातो, मका सरळ जातो. पण यंदाचा ऊस पाण्याविना वाढलेला, वाकडातिकडा, कुठं बोटाएवढा तर कुठं मनगटाएवढा. बारका असला की रूळ नुसते फिरायचे, जाड आला की अडकायचा. मी फट वाढवून बघितली, कमी करून बघितली. एक सुधारलं की दुसरं बिघडायचं. बायनाबाई उसाची मोळी घेऊन तिथंच उभी.

‘गाव कोणचं रे तुझं? कुणाचा तू?’

अक्का, मी जर वडवणीकडचं सांगितलं असतं तर चार दिवसांत आबांच्या कानावर गेलं असतं की इंजिनिअर मशीनखाली ग्रीस पुसतोय. तोंडातून निघालं, ‘धर्मापुरी.’ तुझं गाव म्हणून निघालं. लांबचं आहे, कोण ओळखतंय.

‘अगं बया! देवळाच्या कोणच्या अंगाला?’

‘मागल्या.’

‘तितंच तर आमच्या मुक्तीचं जमतंय त्या पोराची बहीन दिली हाय! सत्यभामा. वळखतोस का?’

मी मशीनखाली आणखी आत सरकलो. म्हटलं, ‘ऐकून हाय.’

‘तिचा भाऊ इंजनेर हाय म्हनं. मी फोटू बघितला. टेबलाफुडं बसलाय आन् टेबलावर काईच न्हाई. कागूद न्हाई, भाकर न्हाई. रिकाम्या टेबलाचा इंजनेर! असल्याला पोरगी देऊन काय त्याचा टेबल पुसायचा का तिनं?’

मी मशीनखाली होतो म्हणून बरं. इतके महिने मला जे कुणाला सांगता आलं नव्हतं ते ही बाई माळावर उभी राहून ओरडून सांगत होती, तेही माझ्याच तोंडावर. आणि वाईट वाटायच्या ऐवजी मला, काय सांगू, पाठीवरची गोणी कुणीतरी उतरवल्यासारखं झालं.

तेवढ्यात ऊस पुन्हा अडकला. तिनं मशीनला लाथ मारली.

‘मेल्याला तोंड उघडाय येत न्हाई! आमची म्हातारी गाय पन घास बघून तोंड उघडती. बारका घास आसला तर बारकं, मोठा आसला तर मोठं. ह्याला लोखंडाला कोन सांगंल!’

अक्का, काटा टोचला. वरचा रूळ पक्का कशाला धरायचा? तो घास बघून वर उचलला पाहिजे आणि घास गेला की आपोआप खाली आला पाहिजे. एवढंच. मी कड्याला पळत गेलो, गॅरेजमधून जुन्या राजदूत फटफटीच्या शॉकअपच्या स्प्रिंगा आणल्या आणि वरच्या रुळाला दोन्ही बाजूंनी बसवल्या. पहिल्यांदा स्प्रिंग लई कडक झाली, मग ढिली झाली. बायनाबाई शिव्या देत ऊस घालत होती, मी शिव्या खात नट आवळत होतो. मला भूक लागली नाही, कोण काय म्हणेल ते आठवलं नाही, बक्षीस तर नाहीच नाही. शेवटी बारका, जाड, वाकडा, सगळा ऊस खडाखडा आत जायला लागला. बायनाबाईनं कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, ‘जेवून जा.’

हे सगळं तुला सांगून टाकलं. एक राहिलं. ते लिहू का नको असं कालपासून चाललंय.

भाकरी घेऊन मुक्ता आली. तू पाठवलेल्या फोटोवरून मी लगेच ओळखलं. माझं तोंड ग्रीसनं काळं झालेलं, पावडरीचा फोटो बघितलेल्या बायनाबाईनं पण ओळखलं नव्हतं, तरी मी वर बघितलं नाही. तिनं माझ्यापुढं भाकरी ठेवली नि मशीनजवळ गेली. वरच्या रुळाला हात लावून तो वरखाली करून बघितला. मग चुलतीला म्हणाली, ‘काकू, मिस्त्रीला इचार, ह्याच्यात उसाचं पान गुतलं तर कसं काढायचं? उद्या हे जातील, मग आपल्यालाच काढायचंय.’ मी खाली बघूनच सांगितलं: आधी पायाची पट्टी दाबायची, मग चाक उलटं फिरवायचं, हात कधीच घालायचा नाही. तिनं ते माझ्यासमोर करून बघितलं. बरोबर केलं. हसली नाही, लाजली नाही. मग गेली.

त्यावेळी मला सांगता आलं असतं. मी उठलो पण होतो. पण वाटलं, आत्ता हिच्यापुढं उभा आहे तो माणूस मला बरा वाटतोय, फोटोतला आणला की हा जाईल. म्हणून तसाच एसटीत बसलो.

परत येऊन शेठना म्हटलं, खोली नको. मला खाली घ्या, पगार मिस्त्रीचाच द्या, आणि जिथली तक्रार येईल तिथं मला पाठवा. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, ‘बड़ी देर लगा दी बोलने में.’ त्यांना कळलं होतं, माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी आता खालीच आहे. स्प्रिंगवाली मशीनं निघायला लागलीत. रात्री पडलो की झोप लागते, ही केवढी गोष्ट आहे ते तुला नाही कळायचं, तू तर उभ्या उभ्या झोपतेस.

आता तुझ्याकडं काम. पाडव्याला सुपारी फोडायची ठरलीय. त्याआधी तू आणि दाजी जाऊन या. बायनाबाईला सांग की धर्मापुरीत असा मिस्त्री नाही. गाव खोटं सांगितलं, ते पण सांग. दोन पोरं नाहीत म्हणावं, एकच आहे, आठवी नापास, इंजिनिअर नाही, होणार पण नाही. ती शिव्या देईल, तू मधी बोलू नकोस, देऊ दे. पण हो का नाही ते तिला विचारू नका, मुक्ताला विचारा, बाजूला घेऊन. ती नाही म्हणाली तर तिच्यावर कुणी आवाज चढवायचा नाही, मी पण नाराज होणार नाही. होईन, पण लिहिणार नाही.

आबांना तू काही सांगायचं नाहीस. ते मीच लिहिलं. त्यांचं पत्र सकाळीच पेटीत टाकलं आणि मग हे लिहायला बसलो. आधी तुझं टाकलं असतं तर आबांचं खिशातच राहिलं असतं, तुला मी माहीत आहे. ते चिडतील, दोन-चार दिवस जेवायचे नाहीत. त्यांना खुर्चीवरून उठवणारा मीच, एवढं मला लागतंय. बाकी काही लागत नाही.

उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठव. पाकिटावर माझ्या नावापुढं काही लिहू नकोस.

तुझा धाकटा,
नुसता सुग्रीव